एएए नावाचा भामटा

माझ्या सख्ख्या आत्याला मी भामटा म्हणालो, आणि तेही लेखी.

गोष्ट नव्वदनंतरच्या वर्षांतली. मी सांगलीत विश्रामबागला एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवायचो आणि तास संपले की व्हिडिओ गेमच्या पार्लरमध्ये जायचो. (घरी 'स्टाफ मीटिंग' असं सांगून.) वरून विटा पडतात, त्या नीट रचायच्या, असा तो गेम. यंत्राच्या पडद्यावर पहिल्या क्रमांकाला माझी तीन इंग्रजी अक्षरं झळकायची. वर्गात मला कुणी विचारत नव्हतं, पार्लरमध्ये मात्र लोक खुर्ची सोडून उठायचे.

पार्लरचे मालक बबनराव. त्यांनी काउंटरवर एक वही ठेवली होती, खेळणाऱ्यांनी मतं लिहावीत म्हणून. खरं नाव लिहायची सक्ती नव्हती. त्यामुळे एरवी 'जरा सरकता का' म्हणणारी माणसं वहीत एकमेकांच्या खानदानापर्यंत पोचायची. मी तिथं 'न्यायाधीश' या नावानं लिहायचो.

त्याच महिन्यात इस्लामपूरहून सखूआत्या आमच्याकडे राहायला आली. तिच्या मनगटाचं प्लास्टर नुकतंच निघालं होतं. बोटं हलती ठेवा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ती रोज दुपारी शेक घ्यायला जायची.

आणि एका सोमवारी माझ्या वर नवीन नाव आलं: एएए. गुण माझ्या दुप्पट.

त्याला कुणीच पाहिलं नव्हतं. मी वहीत दोन पानी सिद्धता लिहिली. विटेचा वेग, बोटाचा वेग आणि निष्कर्ष: हे मानवी हातानं अशक्य, एएए भामटा आहे. शेवटी तोल जाऊन लिहिलं, 'असल्या माणसाला घरात जेवायला तरी कोण वाढतं?'

दुसऱ्या दिवशी त्याखाली अकरा जणांनी लिहिलं होतं. एकानं एएएला यंत्रामागं लोहचुंबक लावताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. दुसऱ्यानं त्याची दाढी बघितली होती. तिसऱ्याच्या मते तो कोल्हापूरचा होता, आणि याला मात्र कुणालाच पुराव्याची गरज वाटली नाही. गुरुवारपर्यंत यंत्र फोडायची भाषा सुरू झाली. घाबरून बबनरावांनी ते बंदच केलं.

त्या संध्याकाळी घरी आलो तर आत्या पिशवी भरत होती. दुपारचं ताट झाकून तसंच.

"काय झालं आत्या?"

"न्यायाधीश म्हंजी तूच न्हवं?"

"कोण न्यायाधीश?"

"आरं, धा वरसं तुजी पत्रं वाचतीया मी. 'ज'चं पोट असं फुगवनारा दुसरा कोन हाय? यंत्र का बंद म्हून इचारलं, तर मालकानं वहीच दिली हातात."

शेक द्यायचा दवाखाना पार्लरला लागूनच होता. दुपारी पार्लरमध्ये चिटपाखरू नसायचं, बबनरावही काउंटरवर डुलक्या काढायचे. बोटांना व्यायाम म्हणून आत्या आत शिरली होती, आणि रमली होती.

"पण एएए कशाला लिहिलंस?"

"मी कुठं लिवलं रं? खेळ संपला की इंग्रजी अक्षरं येत्यात. मी आपलं बटान दाबती, जातंय फुडं." (अक्षरं न निवडता बटण दाबलं, की यंत्र आपोआप एएए लिहायचं.) मग जरा थांबून म्हणाली, "जेवायला कोन वाढतं म्हनं. तुजी बायको वाढती मला. सांगू का तिला, नगं वाढूस म्हून?"

(विनोदी लिहायला बसलोय खरा, पण या वाक्यात मला अजून विनोद सापडलेला नाही.)

मी तिचे पाय धरले. ती म्हणाली, "पाय नगं धरूस. समद्यांम्होरं सांग."

रविवारी आम्ही दोघं पार्लरवर गेलो. तीसेक माणसं होती. बबनरावांनी यंत्र चालू केलं. आत्यानं पदर खोचला, चष्मा पुसला आणि माझी दोन पानी सिद्धता वीस मिनिटांत खोटी पाडली.

लोहचुंबकवाला म्हणाला, "मला पहिल्यापासनं वाटत होतं, बाईच असणार." दाढी बघितलेला तर वाकून आत्याच्या पाया पडला. एवढ्यात मागून कुणीतरी ओरडलं, "पण हे सुरू कुणी केलं? तो न्यायाधीश कोण हाय रं? त्याला धरा."

आत्या माझ्याकडं बघत होती. हीच वेळ होती. मी घसा खाकरला, एक पाऊल पुढं आलो आणि सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात म्हणालो, "असल्या माणसाला सोडता कामा नये!"

लोकांना ते इतकं पटलं, की न्यायाधीशाला शोधून काढायच्या समितीवर अध्यक्ष म्हणून माझीच एकमतानं निवड झाली.