माधवरावांचा पाचवा अंक

मी एकदा इंग्लंडच्या राजाला पाचव्या अंकाआधीच पार्किंगमध्ये उभं केलं होतं. तेही नोव्हेंबरच्या थंडीत, पुठ्ठ्याच्या मुकुटासकट. माधवराव जाऊन आता महिना होऊन गेला. त्यांच्या परोपकारी स्वभावाबद्दल सगळ्यांचं लिहून झालंय, तेव्हा माझा गाढवपणा मीच सांगितलेला बरा.

माधवराव माझ्या नवऱ्याचे मित्र. दोघंही इथे जर्मनीत, झिंडेलफिंगेनच्या मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर. दिवसभर गाडीच्या दारांच्या बिजागऱ्या तपासणारा हा माणूस संध्याकाळी एक जुनं इंग्रजी ऐतिहासिक नाटक मराठीत उतरवत बसायचा. त्यातला राजा बोलण्यात पटाईत, राज्य करण्यात कच्चा. दरबारीच त्याला वाकून मुजरे करत करत मुकुट उतरवायला लावतात. पाचव्या अंकात सगळं गेलेला तो राजा कोठडीत एकटाच बोलत बसतो. माधवरावांनी अख्खं नाटक बसवलं ते त्या बोलण्यासाठी. ते राजा, मी राणी. राणीला दोन प्रवेश आणि एक हुंदका, पण माझा तोरा असा, की नाटक माझ्याच नावावर चाललंय!

प्रयोगासाठी घेतलेल्या हॉलच्या हाउसमाइस्टरनं, म्हणजे तिथली देखभाल बघणाऱ्या गृहस्थानं, बजावलं होतं की आत काहीही पेटवायचं नाही. मी जर्मनमध्ये ‘या, या’, म्हणजे ‘हो, हो’, म्हणून मान डोलावली. नटराजाची पूजा नुसत्या नारळावर उरकली. ते मला डाचत राहिलं. त्यात दुसऱ्या अंकात मी माझं वाक्य विसरले, तेव्हा देव कोपल्याची खात्रीच पटली. पाठांतर केलं नव्हतं, हे कारण काही सुचलं नाही. चौथ्या अंकाचा पडदा पडला, हाउसमाइस्टर कॉफी प्यायला गेला, आणि मी विंगेत ताम्हनात कापूर पेटवून वर मूठभर धूप टाकला...

पुढचं काय सांगू! छतावरचा भोंगा, अग्निशमन दलाची गाडी, प्रेक्षक, पोरंबाळं, शेरवानीतले इंग्रज सरदार, सगळे बाहेर. आत जायची परवानगी मिळाली तोवर हॉलची वेळ संपली होती. रंगमंचावर कधी धड न जमलेला हुंदका मला तिथे, गाड्यांच्या मधे उभी असताना आला. माधवराव मुकुट काखेत मारून जवळ आले.

“वहिनी, या राजाला खाली खेचायला दरबाऱ्यांना चार अंक लागले. तुम्ही कापराच्या दोन वड्यांत काम उरकलंत.”

एवढंच. पुन्हा कधी त्यांनी विषय काढला नाही. त्यांनी चार शब्द सुनावले असते तर मी सुटले असते.

नाटक मात्र पुन्हा झालं नाही. बंडखोर सरदार इंगोलश्टाटला नव्या नोकरीवर गेला, त्याचा साथीदार पुण्याला परतला. आमच्या मराठी मंडळात नवी मुलं आली, त्यांना हसवणारं हवं होतं. माधवराव दरवर्षी सभेत हात वर करायचे आणि दरवर्षी कोणीतरी म्हणायचं, “गेनाऊ, अगदी बरोबर काका, पुढच्या वर्षी बघू.” हा माणूस मग दुसऱ्यांच्या नाटकांचा पडदा ओढत बसायचा. माझा जीव तळतळायचा. मी भांडायचे, ते मला गप्प करायचे. गेल्या दिवाळीत समितीनं मोठ्या मनानं दहा मिनिटं देऊ केली, मुलांचा नाच आणि जेवण यांच्या मधे. त्यांनी हसून नको म्हटलं.

“अहो, घ्यायची ना दहा तर दहा!” मी चिडले.

“राज्य दहा मिनिटांत सोडता येतं, वहिनी. सोडवत नाही, ते दाखवायला वेळ लागतो.”

आणि फेब्रुवारीत हृदय थांबलं. तेवढ्याला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

शोकसभेत तरी तो अंक कोणीतरी वाचावा, म्हणून मी हट्ट धरला. समितीची अध्यक्ष मुलगी गुणी आहे, तिनं माझा हात हातात घेतला. “आल्झो, म्हणजे कसं आहे आजी, त्यांच्या फोटोंचा स्लाइड शो आहे ना... लोकांना तेच जास्त भिडतं.” स्लाइड शो झाला. त्यात माधवराव पडदा ओढताना तीनदा दिसले. राजा कुठेच नाही. मी संतापून घरी आले. कोणावर संतापले होते, ते तुम्हाला कळलंच असेल.

परवा त्यांच्या बायकोकडे, सुमनकडे गेले. ती त्यांचे धुतलेले टॉवेल घडी करत होती. मी मंडळाला यथेच्छ शिव्या घातल्या, मग स्वतःला घातल्या. त्या माणसाला एकदा, फक्त एकदा तो अंक शेवटपर्यंत म्हणू दिला असता तर... सुमननं हातातला टॉवेल मांडीवर ठेवला आणि म्हणाली,

“अगं, हे रोज सकाळी बाथरूममध्ये तो अंक म्हणायचे. कोठडीतलं ते सगळं, अगदी मोठ्यानं. आणि मी रोज दार ठोठावायची, ‘अहो आटपा, माझी एस-बानची गाडी चुकेल.’ की लगेच गप्प. शेवट काय आहे, मला अजून माहीत नाही. तुझ्या हातून एकदाच झालं गं... मी रोज करायची.”