अक्काचं गाठोडं

सुनीलचा फोन आला तेव्हा मी जळगावात, गॅसवर भरताची वांगी भाजत होते. "काकू, आई गेली." तो पुढे लगेच म्हणाला, "हॉल बुक करू का घरीच उरकू? लोक काय म्हणतील?" अरे, आई जाऊन तास झाला नाही आणि याला लोक आठवले! वांगी जळून कोळसा झाली. त्या दिवसापासून मनात जी किळस बसली, ती अजून उतरलेली नाही.

अक्का म्हणजे माझी थोरली जाऊ, सुनीलची आई. आयुष्य धुळ्यात गेलं, चर्चमागच्या आळीत. एके काळी आमच्या त्या आळीत नाताळला भेटवस्तूंची नुसती शर्यत लागायची. पुण्याला नोकरीला गेलेली पोरं खोके घेऊन यायची, आणि ज्यांच्या घरी मजुरीवर चूल पेटायची ती माणसं सणाला दार लावून बसायची. रिकाम्या हाताने कोणाकडे जाणार? शेजारची एक बाई उपासनेलाही येईना, तेव्हा अक्का भडकली. चर्चच्या पायरीवर उभी राहून तिने सगळ्यांना ऐकवलं, "मना घर इकत लयेल काही लई येऊ नका. हातनं करेल लया, नईतर नुसतं जेवाले या!" आणि खरंच, एकाने विकत आणलेला चकचकीत फ्लॉवरपॉट तिने दारातूनच परत पाठवला. तो माणूस वर्षभर बोलला नाही. अक्काला त्याचं काय!

तिची स्वतःची रीत अजब होती. उन्हाळ्यात ती घरोघरी फिरून जुने कपडे मागायची आणि नाताळला ज्याचे त्यालाच परत द्यायची, वेगळ्या रूपात. माझी विरलेली इरकली साडी मी फरशी पुसायला काढली होती. "बठ्ठं कामनं शे," म्हणत तिने ती ओढून नेली. तिला सगळंच कामाचं! नाताळला त्याच साडीची दुपदरी चादर हातात पडली, आतून माझ्याच काठांची किनार. मी हसले, "अहो अक्का, माझंच मला देता?" ती म्हणाली, "तू फेकेल व्हतं ना? मंग ते तुनं कसं?" सोबत केळीच्या वेफर्सची बरणी. वेफर्स मात्र दरवर्षी खारट व्हायचे. ते कोणी तिला सांगितलं नाही.

दिवाळीत शेवटची भेट झाली. दम लागत होता, तरी पलंगाखालचं गाठोडं तिने पायाने पुढे सरकवलं. "यंदानं बठ्ठं तयार शे. तुनंबी शे. नाताळलेच सोडानं..." मला वाटलं, नाताळला तीच सोडेल.

नाताळला धुळ्याला गेले तर दाराशी सोनेरी कागदातल्या खोक्यांची थप्पी! सुनीलने सगळ्यांना काचेचे डिनर सेट आणले होते. प्रत्येक खोक्यावर अक्काचा फोटो आणि खाली 'आईच्या स्मरणार्थ'. गाठोडं विचारलं तर म्हणाला, "त्या चिंध्या? भांडेवालीला दिल्या, काकू. पाहुण्यांसाठी खोली रिकामी करायची होती. हा टब आला त्याच्यावर." न्हाणीघरात निळा प्लास्टिकचा टब. आईने वर्षभर डोळे फोडून शिवलेलं सगळं गाठोडं, न सोडता, एका टबावर दिलं या शहाण्याने! शी! "शर्ट काय, साडी काय, बघायचं तरी होतंस उघडून!" मी ओरडले. तो म्हणे, "जुनेच तर कपडे होते."

सुनीलच्या बायकोला भांडेवालीचं घर माहीत होतं. दुसऱ्या दिवशी बिचारी मला घेऊन गेली. मी माझा डिनर सेटही बरोबर घेतला, बदल्यात द्यायला. बाकीचं विकलं गेलं होतं, एक गोधडी तेवढी राहिली होती. भांडेवालीने काचेचं ताट टिचकी मारून बाजूला सारलं. "हाई फुटी जाई, बाई. स्टीलनं नई का?" शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानातून स्टीलचं पातेलं आणून दिलं, तेव्हा गोधडी हातात आली.

घरी येऊन पसरली. सगळी माझ्या थोरल्या दिरांच्या, म्हणजे सुनीलच्या वडिलांच्या शर्टांची. दीर गेले तेव्हा सुनीलनेच ते शर्ट गोणीत भरून बाहेर ठेवले होते. गोधडी कोणासाठी होती, ते मला सांगावं लागलं नाही. निळ्या चौकडीचा शर्ट अगदी मधोमध, खिशासकट. सुनीलने हात फिरवला. त्या खिशापाशी बोटं थांबली. मला वाटलं, आता तरी...

"केवढ्याला पडली, काकू?" त्याने विचारलं.

मी गोधडीची घडी घातली आणि जळगावला घेऊन आले. थंडी आहे, रोज पांघरते. निघताना त्याला बजावून आले होते, तुझी आहे, मागायला ये, देईन.

अजून आलेला नाही.