उजव्या कोपऱ्यातला ठिपका

अठ्ठावीस वर्षं टॉकीजमध्ये मशीन चालवलेल्या रंगनाथने एकही सिनेमा धड पाहिला नव्हता, असं पंचवटीत सांगितलं तर लोक वेड्यात काढतील. पण खरं तेच. ऑपरेटरची नजर पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर. रीळ संपत आलं की तिथे ठिपका चमकतो. दुसरं मशीन सुरू करायचं. पुन्हा चमकला की त्यावर जायचं. मधे हीरो मेला काय नि त्याचं लग्न लागलं काय, रंगनाथला त्याचं सोयरसुतक नसे.

चौऱ्याहत्तर साली त्याची बायको कुसाबाई इस्पितळात शेवटच्या घटका मोजत होती. निरोप तिसऱ्या रिळाला आला. दुसरा ऑपरेटर नव्हता, आणि खेळ बंद पडला की पब्लिक खुर्च्या मोडतं. रंगनाथने खेळ संपवला, मग सायकल हाणली. तोवर सोळा वर्षांच्या मैनाने एकटीने आईचे डोळे मिटले होते. पुढे मैनाला सटाण्याला दिली. ती माहेरी म्हणून फिरकली नाही. रंगनाथ रिटायर झाला आणि घर त्याला खायला उठू लागलं.

त्र्याऐंशीच्या मे महिन्यात मैना सासरच्या एका लग्नाला पंचवटीत आली आणि दुपारी अवचित त्याच्या दारात उभी राहिली. बापाला आनंद झाला, पण बोलायचं काय? त्याने तिला टॉकीजमध्ये नेलं. दुसरं येत होतं काय त्याला!

सिनेमा नेमका रिटायर झालेल्या बापाचा होता. म्हातारा मुलीपुढे हात जोडून म्हणाला, "चुकलो, पोरी." बाल्कनीभर पदर डोळ्यांना लागले. मध्यंतराचे दिवे लागले तेव्हा मैना बापाकडेच बघत होती.

"अण्णा, बघितलं ना तुम्ही?"

"बघितलं तर! ठिपका दोनदा येऊन गेला, तरी मशीनवरचा गडी झोपलेला. माझ्या हातून एकदा बी असं झालं नाय."

मैनाने डोळे पुसले. "नाय ना. तुमचा खेळ कधी थांबलाच नाय."

ती उठून लग्नघरी निघून गेली. दोनच शब्द हवे होते तिला, आणि ते पडद्यावरच्या बापाने आयते हातात दिले होते.

अंधार झाला. रंगनाथ शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघत बसला. पुढचे ठिपके कधी आले नि गेले, त्याला कळलंही नाही.