परीक्षेचा पाठ

आमच्या बीएडच्या वर्गातली एक मुलगी पेठहून रोज एसटीने नाशिकला यायची. खडू कानामागे खोचायची आणि प्राध्यापक काहीही म्हणाले की विचारायची, “का बरं?”

परीक्षेत शाळेतल्या वर्गावर जो पाठ घ्यायचा असतो, तो आम्ही सगळेच आदल्या दिवशी त्या मुलांकडून घोटून घ्यायचो, म्हणजे परीक्षकांसमोर भराभर हात वर होतात. तिने साफ नकार दिला. “मी नाटक बसवायला नाय आले,” म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने अपूर्णांक घेतले. पहिल्याच प्रश्नाला अख्खा वर्ग गप्प. परीक्षक वैतागले, “अहो मॅडम, या मुलांना काहीच येत नाही!”

कानामागचा खडू काढत ती म्हणाली, “येत नाही म्हणूनच आलेय ना, सर. बसा, आता शिकवते.”