धाडच्या शाळेतला पहिला छेद

पटकीची साथ देशोदेशी फिरत वऱ्हाडात आली, तेव्हा मी नागपुरात शिकाऊ डॉक्टर होते. पुढच्याच आठवड्यात सर्जरीच्या वॉर्डातली माझी पाळी सुरू व्हायची होती. ती रद्द झाली आणि आम्हाला गावोगाव पाठवलं. मला बुलढाण्याजवळचं धाड मिळालं. एसटीत बसले तेव्हा मी अगदी रडकुंडीला आले होते. व्हायचं होतं सर्जन, आणि चालले होते जुलाब-उलट्या बघायला!

धाडच्या शाळेचाच दवाखाना केला होता. बाकं जोडून खाटा, खिडकीच्या गजांना टांगलेल्या सलाईनच्या काचेच्या बाटल्या, व्हरांड्यात स्टोव्हवर उकळणाऱ्या सुया. आमचे वरिष्ठ डॉक्टर मितभाषी. पहिल्या दिवशी एवढंच म्हणाले, "इथे औषध म्हणजे पाणी. ते शिरेत गेलं की माणूस उठतो."

आणि खरंच उठायचे! सकाळी बैलगाडीतून मुटकुळं करून आणलेला माणूस संध्याकाळी चहा मागायचा. माझं रडू कधी पळालं, कळलंही नाही.

एका दुपारी वरिष्ठ देऊळघाटला गेले असताना एका तरुणाला आणलं. डोळे खोल गेलेले, नाडी लागेना, अंगाला हळद.

"परवा लगन हाय त्याचं," त्याची आई म्हणाली. "बाई, मोठे डॉक्टर कुठं हायेत?"

"येतील. तोवर मी आहे."

दोन्ही हातांच्या शिरा पार बसल्या होत्या. आता घोट्याशी कातडी कापून शीर उघडी करायची, एवढाच मार्ग राहिला. मी तो पुस्तकात वाचला होता, एकदा लांबून पाहिला होता. हात धुतले. "पाय घट्ट धरा, आणि इकडे बघू नका," मी आईला सांगितलं. तिने पाय धरला, पण बघितलंच. छेदाखाली दोऱ्यासारखी शीर दिसली, तेव्हा मी मोठ्याने "सापडली!" म्हणाले. नळी आत गेली. बाटलीत बुडबुडे चढू लागले.

दुसरी बाटली संपत आली तेव्हा त्याने डोळे उघडले. "माय, लगन झालं का?"

"तुह्याबिगर कसं होईन बे?" म्हणत ती हसता हसता रडली.

वरिष्ठांनी परतल्यावर वाकून घोटा पाहिला. "टाके कोणी घातले?"

"मी."

"चांगले आहेत. पुढच्या वेळीही माझी वाट बघू नका."

पुढे मला सर्जरीची पाळी मिळाली, मी सर्जनही झाले. पण हात स्थिर झाला तो त्या बाकांवर.

त्या तरुणाचं लग्न पुढे ढकललं होतं; साथ ओसरून शाळा रिकामी झाल्यावर ते तिथल्याच आवारात लागलं. वरिष्ठांची अट होती, फाटकात लस टोचून घेतल्याशिवाय कुणाला आत सोडायचं नाही. मुलीकडचे मोठमोठ्या मिशांचे काका-मामा गाड्यांमागे दडायला लागले. तेवढ्यात नवरीच गाडीतून उतरली आणि बाही वर करून माझ्यापुढे उभी राहिली.

"मले टोचा पयले. हे भेले तं भिऊ द्या!"

मग काय, सगळे मुकाट्याने रांगेत आले. अख्ख्या वऱ्हाडाने दंड चोळत चोळत अक्षता टाकल्या. मुलाच्या आईने मलाच करवली केलं होतं. डोक्याला मुंडावळ्या बांधलेल्या माझ्या पेशंटमागे मी कलश धरून उभी होते, आणि समोर अंतरपाट धरलेले आमचे वरिष्ठ चक्क हसत होते.