तळव्याला तळवा

आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रोज सकाळी आम्ही अकराजणी योगासनं करतो. वृक्षासन आलं की गोल करून उभ्या राहतो. प्रत्येकीने एका पायावर उभं राहायचं, हात बाजूला पसरायचे आणि शेजारणीच्या तळव्याला तळवा लावायचा. हात पकडायचा मात्र नाही, असा आमच्या बाईंचा नियम आहे.

माझ्या उजवीकडे नलूताई असतात. सत्तरी ओलांडलेली, गुडघे दुखणारे. त्यांना आधार हवा म्हणून वर्षभर मी माझा हात ताठ ठेवत आले.

काल सतरंजी गुंडाळताना त्या सहज म्हणाल्या, "तुझा तोल जातो ना गं, म्हणून मी तुझ्या शेजारची जागा सोडत नाही. गुडघा ठणकत असला तरी येते."

मी हसले. घरी आल्यावर स्वयंपाकघरात एकटीच एका पायावर उभी राहिले. पाच आकडे मोजायच्या आत पाय खाली आला. पुन्हा केलं, पुन्हा तेच.

म्हणजे वर्षभर कोण कुणाला सावरत होतं? घरातही मी कितीजणांना सांभाळते म्हणून मिरवते. त्यांनाही माझ्याबद्दल असंच वाटत असेल का? स्वतःचा तोल स्वतःलाच कळू नये, हे अजबच.

आज पुन्हा गोलात उभी राहिले. तळव्याला तळवा लागला आणि मधे बारीक थरथर जाणवली. ती त्यांची की माझी, समजेना. हात जरासा मागे घेतला असता तर लगेच कळलं असतं.

मी घेतला नाही. त्यांनीही नाही.