गिटारच्या आधीची घरघर

मंडळी, आज आयुष्यात पहिल्यांदा एक अख्खं गाणं मिक्स करून संपवलं. आनंद व्हायला पाहिजे होता. काहीच झालं नाय.

गाणं आमच्याच बँडचं, हेवी रॉक. गिटार इम्रानची, उस्मानपुऱ्यात त्याच्या घरीच रेकॉर्ड केलेली. त्यानंतर उन्हाळ्यात इम्रान अपघातात गेला.

मी व्हिडिओ बघून मिक्सिंग, म्हणजे वेगवेगळं रेकॉर्ड केलेलं सगळं एकत्र जुळवणं, शिकतोय. त्यात सांगतात, गिटारला गेट लावा, म्हणजे खोलीतले बारीकसारीक आवाज आपोआप कापले जातात. मी लावलं. गिटार लई साफ झाली.

दुपारी लॅपटॉप घेऊन इम्रानच्या अम्मीकडं गेलो. त्यांनी हेडफोन लावून सगळं गाणं ऐकलं.

"अच्छा है बेटा. पण वो शुरू में बोला था ना, वो किधर गया?"

"काय बोलला होता?"

"मैं चाय लेके आई थी. 'अम्मी, रेकॉर्डिंग चालू है, उधर रखो' बोला मेरेकू."

मी तिथंच गेट काढलं आणि हेडफोनच्या एका बाजूला माझा कान लावला. आधी पंख्याची घरघर आली, मग कपबशीचा आवाज, मग इम्रान. गिटार सुरू झाली तसा अम्मींनी हेडफोन काढला.

"आगे का नक्को. फिरसे लगा."

मी लावत राहिलो.

आता घरी येऊन बसलोय. रडू पण येत नाय. तुमच्यात कुणी मिक्सिंग करणारं असंल तर सांगा, पंख्याची घरघर तशीच ठेवून गिटार साफ कशी करायची?